वाळवीची वाट

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वाळवीवर लेख लिहावा, हे पाहून काही मैत्रिणी हसतील. वाल्मीकींच्या नावात वारूळ आहे आणि नागपंचमीला वारुळाची पूजा होते, एवढाच आपला आणि या कीटकाचा संबंध, असे मलाही वाटत होते. गेल्या पावसाळ्यात वाळवीनेच माझा हा गैरसमज दूर केला.

भिवंडीच्या जुन्या वस्तीत आमचे पागडीचे घर आहे. सागवानी चौकटी, जाड भिंती आणि मागे मोरी. पाऊस सुरू झाल्यावर मागील दाराच्या चौकटीलगत पेन्सिलीएवढी जाड मातीची एक रेघ वर चढलेली दिसली. मी ती झाडूने पुसून टाकली. चार दिवसांनी ती पुन्हा हजर! आजी म्हणाली, "अगं, रॉकेल लाव, मरतील मेल्या." घरात थोडे उरलेले होते, ते लावले. रेघ नाहीशी झाली आणि आम्ही निश्चिंत झालो.

गणपतीआधीच्या साफसफाईत पलंगाखालची आजोबांची लाकडी पेटी ओढली, तर तिचा तळ जमिनीवरच राहिला. त्या पेटीत आजोबांनी वर्षानुवर्षे जपलेल्या भाडेपावत्या होत्या. वरच्या शाबूत होत्या; खालचे पुडके उचलले, तो हातात माती आली. या घरात आम्ही किती वर्षे राहतो याचा निम्मा कागदी पुरावा वाळवीने खाल्ला होता. त्या दिवशी आजी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी औषध मारणारे काका आले. सारे ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पुसलीत कशाला? ती त्यांची वाट होती. ती कुठून येते ते आधी बघायचं." या एका वाक्यात वाळवीचे सारे शास्त्र आहे, हे मला पुढे वाचन केल्यावर उमगले.

आपल्याला चौकटीत दिसते ती वाळवी म्हणजे केवळ मजूरवर्ग. तिचे खरे घर जमिनीखाली. तेथे राजा, राणी, सैनिक आणि असंख्य कामकरी असतात. कामकरी वाळवी आंधळी, पांढुरकी, मऊ अंगाची असते. कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती माती व लाळ कालवून झाकलेला रस्ता बांधते. आपण रस्ता मोडतो, घर तसेच राहते; मग ती दुसरीकडून वाट काढते. आमच्याकडे ती लादीच्या फटीतून पेटीखाली निघाली होती.

वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणतात, पण ती मुंगी नव्हेच. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. "मुंगीला पंख फुटले" असे आपण म्हणतो, पण त्यांत पुष्कळदा वाळवीच असते. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर नाही, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे. सकाळी खिडकीत गळलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर घराची तपासणी करावी.

लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ते काम बहुधा भुंगेऱ्याचे. खसखशीसारखे दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातच राहणारी निराळी वाळवी. माती दिसली, तर मात्र जमिनीतली. चौकटीवर ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला तर आत पोखरलेले आहे. मातीच्या रेघेचा बोटभर तुकडाच काढावा. दोन-चार दिवसांत तो भरून निघाला, तर रहदारी चालू आहे असे समजावे. मात्र भरला नाही म्हणून वाळवी गेली, असे मानू नये. आमची चूक नेमकी हीच झाली.

उपायाचे तत्त्व एकच : माती आणि लाकूड यांची भेट होऊ द्यायची नाही, आणि ओल राहू द्यायची नाही. आमच्या मोरीचा नळ कित्येक महिने भिंतीत झिरपत होता. तो प्रथम दुरुस्त केला. जळण, जुन्या फळ्या, पुठ्ठ्याची खोकी भिंतीला टेकवून ठेवू नयेत. वाळवीचे अन्न म्हणजे केवळ लाकूड नव्हे. कागद आणि सुती कापडही तिला चालते. यंत्रमागांच्या या गावात सुताची खोकी आणि कापडाचे तागे जमिनीवर रचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर माल ठेवला, तर खाली वाकून पाहता तरी येते.

औषधाचे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे. काकांनी भिंत आणि लादीच्या सांध्यात साधारण फुटा-फुटावर भोके पाडून इमिडाक्लोप्रिडचे पाणी जमिनीत सोडले. या औषधाची वाळवीला चाहूल लागत नाही. ती त्यातून ये-जा करते आणि मरण्यापूर्वी ते इतरांपर्यंत नेते. पूर्वी यासाठी अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर वापरीत. ती विषे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. २००१ च्या स्टॉकहोम करारातील घातक रसायनांच्या पहिल्या यादीत ही तिन्ही होती. आजचे औषधही विषच आहे. विहीर किंवा बोअर जवळ असेल, तर ते आधी सांगावे. घर बांधतानाच पायात औषध घालणे सर्वांत सोपे; त्यासाठी भारतीय मानक ६३१३ मध्ये पद्धत दिलेली आहे.

वाळवी दुष्ट नाही, हेही लिहिले पाहिजे. रानातले पडलेले लाकूड, पाचोळा ती मातीत मिळवते. काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात. पावसात तेथे उगवणारी अळंबी आपण आवडीने खातो. तिला लाकूड आणि पावती यांतला फरक कळत नाही, एवढेच. तो आपल्याला कळायला हवा.

उरलेल्या पावत्या आता स्टीलच्या डब्यात आहेत; त्यांच्या झेरॉक्स प्रती मामाकडे ठेवल्या आहेत. गेल्या त्या परत येणार नाहीत. आजी मात्र दर रविवारी चष्मा लावून मागील चौकट पाहते आणि रेघ दिसली, तर पुसण्यापूर्वी मला हाक मारते. वाचकहो, येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या घरातली वर्षभर न हललेली एक तरी पेटी हलवून पाहा, एवढीच विनंती.