खिडकी उघडायची की लावायची?

लेखमाला : हवा, ऊन आणि शरीर – भाग ४

जुलै २०१०. मॉस्कोवर हवेच्या उच्च दाबाचं क्षेत्र येऊन बसलं आणि आठवड्यामागून आठवडे हललंच नाही. ज्या शहरात पंचवीस अंश म्हणजे सुखाचा उन्हाळा, तिथे २९ जुलैला पारा ३८ अंशांच्या पुढे गेला. शहराभोवतीच्या दलदली सोव्हिएत काळात पाणी काढून कोरड्या केलेल्या होत्या. तिथला पीट, म्हणजे हजारो वर्षं साठत आलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पेटला. ही आग जमिनीच्या पोटात धुमसत राहते आणि वरून पाणी मारून सहजी विझत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धुराने शहराला असं वेढलं, की क्रेमलिनचे मनोरेही पुसट झाले.

बहुतेक घरांत एसी नव्हता. खिडकी उघडली की धूर आत यायचा, लावली की उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. लोकांनी दारं-खिडक्यांवर ओल्या चादरी लावल्या.

६ जुलै ते १८ ऑगस्ट या ४४ दिवसांत मॉस्कोत नेहमीपेक्षा सुमारे ११ हजार मृत्यू जास्त झाले. रशियन आणि युरोपीय संशोधकांनी २०१४ मध्ये त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. उष्णतेमुळे किती आणि धुरामुळे किती, हे त्यांनी वेगवेगळं काढलं. तरी दोन हजारांहून अधिक मृत्यू शिल्लक राहिले. ते ना एकट्या उन्हाच्या खात्यात बसत होते, ना एकट्या धुराच्या. दोन्ही एकाच वेळी अंगावर आल्याचा तो परिणाम होता.

या लेखमालेच्या आधीच्या भागांत सूक्ष्म कण, विषारी वायू आणि उष्णता यांची ओळख सुटी सुटी करून दिली होती. प्रत्यक्षात ती अशी सुटी भेटत नाहीत. मे महिन्यात रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुराच्या वाट्याला तिन्ही एकदमच येतात, आणि एकत्र आली की त्यांचा मार साध्या बेरजेपेक्षा मोठा असतो. कॅलिफोर्नियातल्या २०१४ ते २०१९ या काळातल्या सुमारे १५ लाख मृत्यूंच्या अभ्यासात हे आकड्यांत दिसलं. नुसत्या अतिउष्ण दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढत होता आणि नुसत्या अतिप्रदूषित दिवशी सुमारे ५ टक्क्यांनी. ज्या दिवशी दोन्ही होतं, त्या दिवशी मात्र वाढ २१ टक्के होती.

असं का व्हावं?

एकाच हृदयावर दोन बोजे

शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावं लागतं. त्वचा त्याहून थोडी गार, साधारण ३५ अंशांची असते. बाहेरची हवा याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपसूक निघून जाते. हवा त्याहून तापली की प्रवाह उलटतो, बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते आणि सुटकेला एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो वाळला पाहिजे. दमट हवेत घाम नुसता ओघळतो आणि अंग तापतच राहतं.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते. पारा चाळिशीच्या आत होता. पण हवा किनाऱ्याजवळची, दमट, आणि वर थेट ऊन. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा जीव घेतला. विदर्भात ४४ अंशांत माणसं कामाला जातात, मग इथे असं कसं झालं, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. त्याच्या उत्तराचा मोठा भाग हवेतल्या बाष्पात आहे.

घाम यायचा आणि अंग थंड व्हायचं, तर त्वचेकडे भरपूर रक्त जावं लागतं. एरवी त्वचेतून मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर रक्त फिरतं. कडक उष्णतेत हे प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय एका मिनिटात सगळ्या शरीराला मिळून पाच लिटरच्या आसपास रक्त पुरवतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या मागणीचा अंदाज येतो. ती भागवायला नाडी जलद होते, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या वाट्याचं रक्त कमी होतं, घामावाटे पाणी गेल्याने उरलेलं रक्त घट्ट होतं.

नेमक्या याच वेळी श्वासावाटे पीएम २.५ आत येत असतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे हे कण नाकातल्या केसांना आणि श्लेष्म्याला चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे दाह सुरू होतो आणि त्याचे पडसाद रक्तवाहिन्यांत उमटतात. वाहिन्या आक्रसतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. कष्टाचं काम करणारा माणूस बसून असणाऱ्यापेक्षा कैक पट हवा ओढतो, तीही बहुतेक तोंडाने. म्हणजे नाकाची गाळणीही कामाला येत नाही.

हे रक्तात खरोखर दिसतं का, याची तपासणी करण्याची एक दुर्मीळ संधी २००८ मध्ये मिळाली. ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये कारखाने आणि वाहनांवर कडक निर्बंध आले आणि काही आठवडे हवा बरीच निवळली. संशोधकांनी तिथल्या १२५ तरुण, निरोगी निवासी डॉक्टरांचं रक्त स्पर्धेआधी, स्पर्धेच्या काळात आणि नंतर तपासलं. रक्त गोठण्याशी संबंधित काही घटक स्वच्छ हवेच्या दिवसांत घटले होते. निर्बंध उठून हवा पुन्हा बिघडली, तसे त्यांतले काही पुन्हा वाढले. ज्यांना कसलाही आजार नाही अशा तिशीच्या आतल्या माणसांची ही गोष्ट आहे. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हाच बदल भोवू शकतो.

उष्णता रक्त घट्ट करते आणि हृदयाला पळवते. धुराचे कण वाहिन्या आक्रसवतात आणि गुठळीला वाट करून देतात. दोन्ही रस्ते हृदयविकाराच्या झटक्याशी आणि पक्षाघाताशी येऊन मिळतात. म्हणूनच अशा मृत्यूंच्या दाखल्यावर ऊन किंवा धूर क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच असतं.

ऊनच हवा बिघडवतं तेव्हा

हवेचं प्रदूषण म्हटलं की चिमणी आणि सायलेन्सर आठवतात. जमिनीलगतचा ओझोन मात्र कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. वाहनं आणि वीजकेंद्रांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधन-रंगांतून उडणारी सेंद्रिय बाष्पं यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेत तयार होतो. म्हणून त्याची पातळी सकाळी कमी आणि भर दुपारनंतर जास्त असते. तापमान वाढलं की या रासायनिक क्रियांचा वेगही वाढतो. ओझोन श्वासनलिकांच्या अस्तराला इजा करतो. दम्याच्या रुग्णाला छाती आवळल्यासारखी वाटते. हा वायू असल्यामुळे धूळ अडवणारा मास्क त्याला रोखत नाही.

कोळशातल्या गंधकाचंही असंच आहे. चिमणीतून तो सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून बाहेर पडतो, आणि ऊन व बाष्पाच्या साथीने वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. वीजकेंद्रापासून दूरच्या गावातल्या पीएम २.५ मध्येही त्यांचा वाटा असतो.

चंद्रपूरची दुपार

महाराष्ट्रात ऊन आणि धूर यांची ही गाठ कुठे सर्वांत घट्ट बसली असेल, तर ती चंद्रपुरात. मे २०१९ च्या अखेरीस इथे पारा ४८ अंशांना टेकला होता. याच शहराला लागून २,९२० मेगावॅट क्षमतेचं महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. आसपास दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या कोळसा खाणी आहेत आणि जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा होता.

इथला उन्हाळा इतर शहरांसारखा नुसता सोसण्याचा विषय नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, राज्यभर कुलर आणि एसी फिरू लागले की विजेची मागणी चढते, आणि ती भागवायला कोळसा जास्त जळतो. खाणीतला उघडा पडलेला कोळसा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन आतून तापत जातो आणि काही वेळा आपोआप पेटतो. उन्हाळ्यात हा धोका वाढतो. ट्रकांनी उडवलेली कोळशाची आणि राखेची धूळ रस्त्यावर असतेच. राज्याचा उकाडा कमी करणाऱ्या विजेची किंमत या गावाच्या फुप्फुसांतून वसूल होते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाने माहीत करून घ्यायला हवं.

मॉस्कोकरांपुढचा प्रश्न इथल्या टिनाच्या छपराखाली दर उन्हाळ्यात उभा असतो. वैदर्भीय घराचा आधार म्हणजे कुलर. तो चालतो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढून, आणि नीट गारवा मिळायला एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते. जाड धूळ ताट्यांना चिकटते, सूक्ष्म कणांचा बराच भाग मात्र आत येतो. उन्हात डोक्या-तोंडाला गुंडाळलेल्या दुपट्ट्याचंही तसंच आहे. ऊन अडतं, झळ अडते, पण अडीच मायक्रॉनचे कण त्या विणीतून जातात. बंद खोलीत एसी आणि हवा शुद्ध करणारं यंत्र लावू शकणाऱ्याला हा पेच पडत नाही. बाकीच्यांना रोज ठरवावं लागतं, आज काय सोसायचं.

सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा वीजकेंद्रांना बसवायला लावणारे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या अटीतून वगळण्यात आलं. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांबाबत प्रकरणागणिक निर्णय होणार आहे. चंद्रपूरचा निर्णय होताना मे महिन्यातलं ऊन हिशेबात धरलं गेलं पाहिजे, कारण तिथे वायू आणि ऊन यांना एकमेकांपासून तोडताच येत नाही.

दोन इशारे, दोन कार्यालयं

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात निघालं. महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसह इतरांची मदत घेऊन २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. त्यात रंगांचे इशारे होते, दवाखान्यांची तयारी होती, पाणपोया होत्या. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं कामही सुरू झालं. शहरातल्या एका रुग्णालयातल्या बाळंतिणींचा कक्ष छपराखालच्या मजल्यावरून खाली आणला, तर उष्म्याने आजारी पडून अतिदक्षता कक्षात येणारी नवजात बाळं कमी झाली. त्यापाठोपाठ नागपूरनेही असा आराखडा स्वीकारला.

हवेसाठी २०१९ पासून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आहे आणि चंद्रपूरसह महाराष्ट्रातली अनेक शहरं त्यात आहेत. म्हणजे उन्हासाठी एक आराखडा, हवेसाठी दुसरा. उष्णतेच्या लाटेचा इशारा हवामान खातं देतं, हवेचा निर्देशांक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर दिसतो. पिवळा आणि नारंगी रंग दोन्हीकडे आहेत, पण त्यांची सांगड घातली जात नाही. ज्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पिवळा आणि निर्देशांक ‘मध्यम’, तो दिवस दोन्ही खात्यांच्या लेखी फारसा चिंतेचा नाही. हृदयरोग्याला मात्र तोच जड जाऊ शकतो.

हवेतल्या ‘मध्यम’ पातळीलाही हलकं घेऊन चालत नाही. पीएम २.५ ची चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली आहे. मुंबई आणि पुण्यासह भारतातल्या दहा शहरांतल्या २००८ ते २०१९ मधल्या ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संघटनेच्या या मर्यादेवरच्या कणांमुळे झालेले मृत्यू त्यात एकूण मृत्यूंच्या ७.२ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार निघाले. भारतीय मर्यादेच्या आत असलेल्या हवेतही धोका वाढत जात असल्याचं त्यात दिसलं.

दोन्ही इशारे जोडायला नवं यंत्र लागत नाही. दोन्हींचे आकडे आजही रोज उपलब्ध आहेत. ऊन आणि कण दोन्ही चढे असतील त्या दिवशी बांधकामं आणि रस्त्यांची कामं दुपारी बंद ठेवायची, कोळशाची वाहतूक रात्रीवर टाकायची, कचरा पेटवणाऱ्यांवर त्याच दिवशी कारवाई करायची, हे जिल्हाधिकारी ठरवू शकतात. आशाताईंच्या यादीत दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार असलेले आणि गरोदर बायका अशी घरं आधीच असतात. अशा दिवशी त्यांच्यापर्यंत निरोप आधी जाऊ शकतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाने उन्हाळ्यात त्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं, स्वतःहून त्या बंद करू नयेत, हे त्याच भेटीत सांगता येईल. आणि वस्तीतली एखादी शाळा किंवा समाजमंदिर दुपारपुरतं गार आणि गाळलेल्या हवेचं करून उघडं ठेवलं, तर टिनाच्या घरातल्या म्हातारीला निदान दुपारचे चार तास ऊन आणि धूर यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.

(पुढील भागात : हिवाळ्यात मुंबईवरचा वारा मंदावतो आणि थंड हवेचा थर धूळ-धुराला जमिनीलगत कोंडून ठेवतो, तेव्हा लहान मुलांच्या फुप्फुसांचं काय होतं?)