पोहण्याची वही, लेखांक 7 : घड्याळ अष्टमीला लावा

डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते. ती जवळ आली की आमच्या सकाळच्या मंडळींना घड्याळाचा ताप चढतो. वर्षभर निवांत पोहणारा माणूस रोज किलोमीटरभर जीव खाऊन पोहतो, बाहेर येऊन मनगटाकडे बघतो आणि नाश्त्याची चव घालवून बसतो. रोज वेळ लावणे हा सराव नव्हे. पण कधीच वेळ न लावणे हाही सराव नव्हे, कारण आपण सुधारलो की नुसते दमलो, हे मग कशावरून कळणार?

आधी तलावातले बघू, कारण ते सोपे आहे. चार ते सहा आठवड्यांतून एकदा 400 मीटर आणि 200 मीटर अशी दोन अंतरे पूर्ण ताकदीने पोहायची. आदल्या दिवशी हलके पोहणे किंवा सुट्टी. चाचणीआधी 400-500 मीटर सावकाश, मग 400ची वेळ, मग आठ-दहा मिनिटे रमतगमत पोहणे, मग 200ची वेळ. त्या दिवसाचा सराव एवढाच. चाचणी उरकून वर नेहमीचे दोन किलोमीटर पोहायचा मोह होतो, तो टाळा. सुरुवात सूर मारून नव्हे, भिंतीला पाय लावून करा आणि दर वेळी त्याच लांबीच्या तलावात. 25 मीटरच्या तलावात वळणे जास्त, म्हणजे भिंतीला ढकलण्याचा फायदाही जास्त. 50 मीटरच्या तलावातल्या वेळेशी ती वेळ जुळत नाही. पर्यटक निवासांतले छोटे तलाव तर या कामाचेच नाहीत.

आता गणित. समजा 400 मीटरला 8 मिनिटे 20 सेकंद लागली आणि 200 मीटरला 4 मिनिटे. दोन्हींतला फरक 4 मिनिटे 20 सेकंद, तोही 200 मीटरचा. त्याचा अर्धा 2 मिनिटे 10 सेकंद. हा तुमचा शंभर मीटरचा टिकाऊ वेग, म्हणजे दम न तुटता बराच वेळ धरता येईल असा. पुढचे महिनाभर आठवड्यातून एक दिवस याच वेगाने शंभराच्या दहा फेऱ्या मारा, मध्ये वीस सेकंद विश्रांती. पहिली फेरी दोन मिनिटांत आणि दहावी अडीचमध्ये येत असेल तर वेग चुकतोय. सगळ्या फेऱ्या दोन-तीन सेकंदांच्या आत यायला हव्यात.

सेकंदाचे मोल काय, हे मालवणात सांगायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, 2010च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक आणले आणि पुढे मालवणचा तहसीलदार म्हणून इथे कामही केले. 2018 साली जकार्त्यातल्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ आली 22.47 आणि कांस्यपदक गेले 22.46ला. सेकंदाचा शंभरावा भाग! त्याची सकाळची वेळ संध्याकाळी आली असती तर पदक त्याचे होते. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावर हुरळूही नये आणि खचूही नये.

समुद्रात मात्र घड्याळ सरळ खोटे बोलते. आमच्यातला बारावीतला एक मुलगा गेल्या हिवाळ्यात दर रविवारी साडेनऊला किनाऱ्यालगत एकाच दिशेने किलोमीटरभर पोहायचा. एका रविवारी 19 मिनिटे 40 सेकंद, गडी खूश. पुढच्या रविवारी 22 मिनिटे 10. आठवडाभर तोंड पाडून बसला. शेवटी रापणीच्या होडीवरच्या काकांनी विचारले, ‘झिला, तू खंय पेवलंस? तुका पाण्यान आणल्यान.’

काकांचे बरोबर होते. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पहिला रविवार एकादशीचा. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे साडेनऊला पाणी ओसरत होते आणि त्याला बरोबर घेऊन जात होते. पुढचा रविवार कृष्ण तृतीयेचा. भरती रात्री सव्वादोनच्या सुमारास, ओहोटी साडेआठच्या आसपास. साडेनऊला पाणी चढत होते, म्हणजे त्याच्या समोरून येत होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, सात दिवसांत जवळजवळ सहा तास. दर रविवारी त्याच वेळी पोहणारा माणूस दर रविवारी उलट्या समुद्रात उतरतो.

मग समुद्रातली चाचणी वारावर नव्हे, तिथीवर बांधा. अष्टमी-नवमी बरी. तेव्हा भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. आठची पाऊणपट सहा, म्हणजे हिवाळ्यात उजाडल्यावर उतरलात तर पाणी नुकतेच फिरू लागलेले असते, आणि मतलई वारा असल्याने किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत. दुपारचे खारे वारे सुटले की वेळ लावण्यात अर्थ नाही. एका शुद्ध अष्टमीपासून पुढच्या शुद्ध अष्टमीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, म्हणजे महिन्याची चाचणी आपोआप बसते. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा भरतीच्या तक्त्यावर वेळ पडताळून घ्या.

अंतर नेहमी जाऊन-येऊन धरा, एका दिशेने नको. जाताना आणि येतानाची वेळ वेगळी लिहा. आणि नांगरलेल्या होडीला खूण मानू नका. वीस मीटर दोरावरची होडी पाण्याबरोबर फिरते आणि तुमचे अंतर चाळीस मीटरपर्यंत बदलते. खूण किनाऱ्यावरची, न हलणारी घ्या.

वेळ लावायची म्हणून एकट्याने आत जाऊ नका, सोबत होडी किंवा निदान एक पोहणारा जोडीदार हवा. वहीत वेळेच्या आधी तिथी लिहा. पुढच्या आठवड्यात लाटांमधून मान वर काढून दिशा कशी धरायची ते पाहू.