दुरुस्तीनंतरची नादुरुस्ती

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांस एक अनुभव केव्हां ना केव्हां आलाच असेल. मोटार बिघडते, कारखान्यांत जाते, खिशास कात्री लावून परत येते, आणि चार दिवसांत पहिल्यापेक्षां अधिक त्रास देऊं लागते. गेल्या ज्येष्ठांत आम्हांवर हाच प्रसंग आला.

आमचें वास्तव्य वरवंडास, पुणें-सोलापूर हमरस्त्यावर. ज्येष्ठ वद्यांत तुकोबारायांची पालखी येथें मुक्कामास येते, व त्या वेळीं हमरस्त्यानें वाहन नेणें दुरापास्त होतें. आमच्या कुटुंबाच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी पालखीपूर्वीं पुण्यास व्हावयाची होती. मोटारीचा क्लच तर झिजलेला. इंजिन गुरगुरे, पण वेग येईना, आणि जळका वास सुटे. म्हणून जवळच्याच एका गॅरेजांत नवी क्लचप्लेट बसवून घेतली. गॅरेजवाला आमचाच जुना विद्यार्थी.

तपासणीच्या दिवशीं सकाळीं निघालों. यवतच्या पुढें हलक्या चढावर रांगेंत थांबलों, व पुन्हा निघावें म्हणून ॲक्सिलरेटर दाबला, तों इंजिन नुसतें ओरडलें आणि मोटार मागें सरूं लागली. मागें दुचाकीवर एक बाई, पुढें तिचें लहान मूल. आम्हीं घाईनें हातब्रेक ओढला. दोन वितींचें अंतर उरलें होतें. आमचे हात किती तरी वेळ कांपत होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

कुटुंब शांतपणें म्हणालें, "आपण एस. टी.नें जाऊं." मोटार एका उपाहारगृहाच्या आवारांत ठेवून तसेंच केलें. मात्र निघण्यापूर्वीं त्या मुलास दूरध्वनी करून आम्ही नको तें बोललों. "विद्या अशीच फेडतोस काय?" हेंही आमच्या तोंडून गेलें.

येथें यंत्राची थोडी ओळख करून देणें भाग आहे. आमची मोटार 'एएमटी' जातीची. आपल्या देशांत २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ मोटारीपासून ही पद्धत रूढ झाली. हींत गिअरपेटी नेहमींचीच असते, फक्त क्लचचें पायटें नसतें. क्लच दाबणें व गिअर बदलणें हें काम संगणकाच्या हुकमानें चालणारें एक यंत्र करतें. क्लचच्या तबकड्या नेमक्या कोठें एकमेकींस धरूं लागतात, तो बिंदु संगणक स्मरणांत ठेवतो. प्लेट झिजते तसा हा बिंदु सरकतो, आणि नवी जाड प्लेट घातली कीं तो एकदम बदलतो. संगणकास हें सांगितलें नाहीं तर तो जुन्या पाठाप्रमाणेंच वागतो. मग धक्के बसतात, गिअर पडत नाहीं, किंवा आमच्यासारखी गाडी मागें जाते. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें चटकन पटलें. आधीं पाठ झालेलें चुकीचें रूप सुटतां सुटत नाहीं!

संध्याकाळीं परतलों तों तो मुलगा मोटारीपाशीं उभा. "गुरुजी, प्लेट बरोबर बसलीय. लर्निंग मारायचं राहिलं. माझ्याकडं स्कॅनर नाही, आणि तुम्हांला घाई होती म्हणून मी बोललो नाही. चूक माझीच." मोटार ओढून नेऊन त्यानें दुसऱ्या दिवशीं स्कॅनरवाल्या कारागिराकडून तें काम करून घेतलें, यंत्राच्या तेलाची पातळी पाहिली, आणि आम्हांस शेजारीं बसवून चढावर पांच-सहा वेळां थांबवून दाखविलें. गाडी सरकली नाहीं.

मुंबईचे चिरंजीव मात्र तक्रार करा म्हणून हटून बसले. त्यांचें म्हणणें निराधार नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाहीं. चूक कबूल न करणाऱ्याविरुद्ध आम्ही खुशाल गेलों असतों. येथें कबुली मिळाली होती, व काम पुरें झालें होतें. शिवाय पावती आम्हींच मागितली नव्हती, जुनी प्लेट पाहिली नव्हती, आणि कारखान्यांतून निघतांना चढावर चालवून पाहण्याचा कंटाळा केला होता. ज्यांची मोटार या जातीची आहे त्यांनीं क्लच बदलल्यावर पैसे देण्यापूर्वीं "लर्निंग झालें काय?" एवढें विचारावें. गाडी मागें सरूं लागली, तर पुढचें गांव गांठण्याचा मोह धरूं नये. ती तेथेंच बाजूस उभी करावी.

स्कॅनरवाल्याचे पैसे तो मुलगा आमच्याकडून घेईना. शेवटीं ते त्याच्या मुलीच्या वह्यापुस्तकांसाठीं म्हणून दिले, आणि दूरध्वनीवरील त्या वाक्याबद्दल आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो ओशाळून खालीं पाहत राहिला. पालखी पुढें गेल्यावर आठ दिवसांनीं शस्त्रक्रियेस पुण्यास गेलों, तेव्हां चालविण्यास तोच होता.