जुने खेळ आणि बंद केलेले यंत्र

जुन्या वाड्याच्या माळ्यावर कधी कधी ग्रामोफोनच्या तबकड्या सापडतात. तबकडी शाबूत असते. गाणे तिच्यातच असते. पण ग्रामोफोन नसेल, तर तबकडी मुकी! संगणकावरच्या जुन्या खेळांचे असेच झाले आहे.

इंटरनेटवरची पाने उघडून दाखविणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ब्राउझर म्हणतात. तुमच्या मोबाईलमध्येही तो आहे. पूर्वी ब्राउझरला मजकूर आणि चित्रे दाखविता येत. पण चित्र पळविणे, आवाज काढणे, खेळ खेळविणे त्याला नीट जमत नसे. म्हणून त्याच्या हाताखाली एक गडी दिला. त्याचे नाव फ्लॅश प्लेअर. हा १९९६ साली अमेरिकेत तयार झाला. पुढे २००५ साली तो ॲडोबी कंपनीकडे गेला.

या गड्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. खेळ करायला कारखाना लागेना. घरी बसून एकटा माणूस खेळ करी आणि लोकांना फुकट देई. ब्लून्स नावाचा एक खेळ २००७ साली आला. त्यात एक माकड फुगे फोडते. बस, एवढेच! पण पोरे तासन् तास खेळत. असे हजारो खेळ झाले.

आणि शेतीचासुद्धा खेळ होता बरे! त्याचे नाव फार्मविल. २००९ साली झिंगा या अमेरिकन कंपनीने तो काढला. फेसबुकवर तो खेळत. पडद्यावर जमीन नांगरायची, बी पेरायचे, शेजाऱ्याला मदत करायची. स्ट्रॉबेरी चार तासांत पिके. वेळेवर काढली नाही तर वाळून जाई. २०१० साली महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक ही शेती करीत. ज्यांनी जन्मात कुदळ धरली नाही, ते पीक काढायला रात्री उठत. आम्हाला याचे हसू येते; पण पीक हातचे जाईल ही धास्ती खरी होती.

मग हे यंत्र बंद का केले? कारण त्याच्या भिंतीला भोके फार. एक बुजवावे तो दुसरे सापडे. त्यातून चोर संगणकात शिरत. शिवाय ते बॅटरी खाई. २००७ साली आलेल्या आयफोनने त्याला दारातच उभे केले नाही. पुढे ब्राउझर स्वतःच ती सारी कामे शिकला. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने जाहीर केले, की २०२० संपले की फ्लॅश संपला. १२ जानेवारी २०२१ पासून त्या प्रोग्रामने स्वतःहूनच खेळ दाखविणे बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशवर होते. त्या खात्याला लोकांसाठी वेगळा ब्राउझर काढावा लागला!

आमच्या मते बंद केले ते योग्यच केले. पण ज्यांनी खेळ केले, त्यांना कोण विचारणार? त्यांची मेहनत मुकी झाली.

आता उपाय ऐका. पुष्कळ जण म्हणतात, "जुना फ्लॅश प्लेअर शोधून पुन्हा बसवू." हे मात्र करू नका. भोके तशीच आहेत, आणि आता ती बुजविणारा कोणी नाही. "फ्लॅश प्लेअर येथे घ्या" असे पान दिसले, तर जपा. पुष्कळदा ते फ्लॅशचे नाव लावलेले चोराचे सामान असते. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

चांगली वाट निराळी आहे. रफल नावाचा एक नवा प्रोग्राम आहे. तो हौशी लोकांनी मिळून लिहिला आणि तो फुकट मिळतो. त्याला बहुरूपी म्हणा ना! खेळासमोर तो फ्लॅशचे सोंग घेतो. खेळाला वाटते, आपला जुना गडीच आला. पण आतून तो नव्या ब्राउझरच्या कुंपणातच राहतो. त्यामुळे धोका पुष्कळ कमी. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून जुने खेळ याच रीतीने ठेवले आहेत. तेथे पान उघडायचे आणि खेळायचे. काही बसवावे लागत नाही. फ्लॅशपॉइंट नावाचा दुसरा खटाटोप २०१८ साली सुरू झाला. त्या मंडळींनी एक लाखाहून अधिक खेळ गोळा केले आहेत. ते मात्र संगणकावर उतरवून घ्यावे लागतात.

पण सगळेच खेळ परत येतात असे नाही. ब्लून्ससारखा खेळ आपल्या फाईलमध्ये पुरा असतो. फाईल मिळाली की खेळ मिळाला. फार्मविलचे तसे नव्हते. कोणाची जमीन किती, पीक कोणते, ही सारी नोंद कंपनीच्या संगणकावर होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने ते दप्तर बंद केले. लोकांनी त्या शेतावर खरे पैसे खर्चले होते. पण सातबारा त्यांच्या नावावर नव्हता. ते शेत बहुरूप्यालाही आणता येत नाही.

आणखी एक. २००६ नंतर नव्या धाटणीने लिहिलेले काही खेळ रफलवर अडखळतात. चित्र येते, पण बटण चालत नाही. अशा वेळी यंत्राशी झटापट करू नये. रफलची दुरुस्ती चालूच असते. काही महिन्यांनी तोच खेळ पुन्हा उघडून पाहावा.