ओरांगउटानच्या अरण्यात पाणी अडवताना

इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात सबांगाऊ आणि कातिंगान या नद्यांच्या दरम्यान पसरलेले दलदलीचे अरण्य हे बोर्निओतील रानटी ओरांगउटानच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक असले, तरी तेथील संरक्षणकार्याचा मोठा भाग पाणी अडवण्यात जातो. येथील जमीन पीटची आहे. पीट म्हणजे सतत पाण्यात राहिल्याने पुरती न कुजलेल्या पानांचा, मुळांचा व लाकडाचा हजारो वर्षांत साचलेला थर, जो काही ठिकाणी १० मीटरहूनही खोल आहे. ओंडके तरंगवत नदीपर्यंत नेण्यासाठी लाकूडतोड्यांनी या थरात चर खणले आणि त्या चरांतून अरण्यातले पाणी वाहून जाऊ लागले. सुकलेले पीट खचते, मुळांचा आधार सुटून झाडे कलंडतात, आणि कोरड्या ऋतूत लागलेली आग जमिनीखाली शिरून धुमसत राहते. १९९७ आणि २०१५ मध्ये मध्य कालिमंतानने असे वणवे पाहिले. ओरांगउटान मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण सात-आठ वर्षांचे अंतर असल्यामुळे अशा एका वणव्याची हानी भरून निघण्यास दशके लागतात.

चरावर बांध घालताना लाकडी खांबांच्या दोन रांगा पीटमध्ये खोल ठोकतात, त्यांना फळ्या जोडतात आणि मधली पोकळी भरलेल्या पोत्यांनी दाबून बुजवतात. महाराष्ट्रातील वनराई बंधारा पाहिलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. मात्र येथे अडवलेले पाणी उपसायचे नसून जमिनीत मुरू द्यायचे असते. पीट इतके भुसभुशीत असते की पाणी बांधाच्या कडेने आणि खालून वाट काढते, आणि एकाच बांधावर सारा दाब आला तर तो टिकत नाही. म्हणून उतारावर एकामागून एक असे अनेक बांध घालतात, ज्यामुळे लगतच्या दोन बांधांमागील पाणीपातळीत फरक थोडाच राहतो. पुढे भोके पाडलेल्या नळ्या जमिनीत उभ्या रोवून भूजलाची पातळी मोजली जाते. हे काम छायाचित्रात फारसे दिसत नाही, आणि अनाथ पिल्लांच्या पुनर्वसनाला मिळणारे कौतुक त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र बांधकामाचा नाही. हेच चर काठच्या गावांतील मासेमारांचे जलमार्ग असल्याने, त्यांची संमती न घेता घातलेला बांध होडीला वाट करण्यासाठी फोडला जाऊ शकतो. त्यामुळे कोणता चर बुजवायचा, होडी कोठून ओलांडू द्यायची आणि डागडुजीची मजुरी कोणाला द्यायची, हे खांब ठोकण्यापूर्वीच गावाशी ठरवावे लागते.