अस्सल चामड्याची पारख : कड पाहा, पाठ पाहा, बिल मागा

मुलाला नोकरी लागली की घरात पहिली खरेदी बुटांची होते. पहिल्या पगारातून आईला लुगडे किंवा साडी आणि वडिलांना पाकीट नाहीतर चप्पल येते. लग्न ठरले की नवऱ्या मुलाला बूट-पट्टा, मुलीला पर्स. या साऱ्या वस्तूंवर आज एकच शब्द छापलेला दिसतो, 'लेदर'. 'प्युअर लेदर', 'जेन्युइन लेदर', 'पीयू लेदर', आणि आता तर 'व्हेगन लेदर'सुद्धा. आपण त्यातला शेवटचा शब्द वाचतो आणि पैसे मोजतो. मग एक पावसाळा जातो, आणि पट्ट्याचा वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटू लागतो. घरातले म्हणतात, 'चामडे खराब निघाले.' चामडे खराब निघालेले नसते. ते मुळात चामडेच नसते.

वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेले हजार-दोन हजार रुपये असे जाऊ नयेत, म्हणून ही पारख घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः खरेदीला जाणाऱ्या भगिनींना, यायला हवी. ती अवघड नाही.

कातडे म्हणजे बारीक तंतूंची दाट गुंतवळ. कापडात धागे उभे-आडवे असतात, तसे इथे नसतात. कातड्यात तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. वरच्या बाजूला, जिथे जनावराचे केस होते तिथे, ही वीण अतिशय घट्ट असते आणि खाली मांसाच्या बाजूला सैल होत जाते. नकली चामडे वेगळ्याच जातीचे. खाली विणलेले कापड, त्यावर प्लॅस्टिकचा थर, आणि त्या थरावर कातड्याच्या सुरकुत्यांचा छाप. आपण त्याला सरसकट रेक्झिन म्हणतो. हे एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव होते. ती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देत असे. तो लेप गेला, नाव मात्र आपल्या तोंडी राहिले. आजचा लेप पीव्हीसीचा नाहीतर पॉलियुरेथेनचा असतो. 'पीयू' म्हणजे हेच पॉलियुरेथेन. तेव्हा 'पीयू लेदर' असे लिहिले असेल तर दुकानदाराने अर्धे सत्य तुम्हाला आधीच सांगितलेले आहे.

आता मुख्य गोष्ट. वस्तूचा चेहरा पाहू नका, तिची कड पाहा. चेहऱ्यावर काहीही छापता येते, पण कापलेल्या कडेला लपवणे कठीण जाते. खऱ्या चामड्याच्या कडेला सलग तंतुमय पोत दिसतो, नखाने खरवडले तर बारीक लव निघते. नकलीच्या कडेला थर दिसतात. वर प्लॅस्टिकची चकचकीत रेघ, खाली कापडाचे धागे. कड रंगवलेली असेल तर पट्ट्याच्या भोकात पाहा. बुटाची जीभ बाहेर काढून तिची आतली कड पाहा, बॅगेच्या बंदाचे टोक पाहा, आतल्या खिशाची शिवण उलटून पाहा. सगळीकडे कड आत दुमडून शिवली असेल तर तेवढ्यावरून माल नकली ठरवू नये, चांगल्या पाकिटांतही कड दुमडतात. पण पाहायला एकही उघडी कड नसेल तर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत.

कडेचा रंगही बोलतो. कड मधोमध निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोम नावाच्या धातूच्या क्षारांनी कमावलेले कातडे. बुटांचे नि बॅगांचे बहुतेक चामडे आज असेच कमावले जाते. कड आरपार तपकिरी असेल तर बहुधा झाडाच्या सालीत कमावलेले. दोन्ही खरीच.

कडेनंतर पाठ. खऱ्या चामड्याची आतली बाजू मऊ, लवदार असते. कापडाची वीण दिसली की प्रश्न मिटला. मात्र इथेच एक लबाडी चालते. कातडे जाड असते, म्हणून यंत्रावर ते आडवे चिरून त्याचे दोन-तीन पदर काढतात. वरचा पदर उत्तम. खालच्या पदराला 'स्प्लिट' म्हणतात, तो सैल आणि कमी टिकाऊ. या खालच्या पदरावर पॉलियुरेथेनचा जाड लेप देऊन वर सुरकुत्या छापतात. अशा पट्ट्याची पाठ अस्सल कातड्याची असते आणि पाठीवर ठसाही असतो, 'जेन्युइन लेदर'. अक्षरशः पाहिले तर ते खोटे नाही. पण तुम्ही जो चेहरा पाहून पैसे दिले, तो प्लॅस्टिकचा. 'जेन्युइन लेदर' हा शब्द उत्तम प्रतीची हमी देत नाही, इतके लक्षात ठेवावे.

याहून खालचा प्रकार 'बाँडेड लेदर'. कारखान्यातली कात्रणे दळून, त्यांचा भुगा चिकट द्रव्यात कालवून त्याची चादर काढतात आणि वर लेप देतात. सोफ्यांना आणि डायरीच्या वेष्टनांना हे फार वापरतात. त्यात कातडे आहे हे खरे, पण तंतूंची ती गुंतवळ दळण्यातच तुटली. म्हणून हे दोन-चार वर्षांत सोलून निघते.

हातात धरून वाकवून पाहणे ही जुनी पद्धतही चांगली. खऱ्या चामड्यावर बोट दाबले की भोवती बारीक, अनियमित सुरकुत्या उठतात आणि बोट काढल्यावर हळूहळू विरतात. प्लॅस्टिक एकसंध दबते नाहीतर ताठ घडी घेते. उजेडात धरून छिद्रेही पाहा. जनावराच्या अंगावर केस एका मापाने उगवत नाहीत. छिद्रे अगदी सारखी असली, किंवा तीच नक्षी चार-चार बोटांवर पुन्हा येत असली, तर तो रुळाचा छाप आहे. कुठे काट्याचा ओरखडा, कुठे गोचिडीचा डाग दिसला तर नाक मुरडू नका. खऱ्याचीच ती खूण आहे.

वासावर मात्र विसंबू नये. वास फवारताही येतो. पाण्याचा थेंब टाकून पाहा असे पुष्कळजण सांगतात. उघड्या, लेप न दिलेल्या कातड्यावर थेंब मुरतो आणि तिथे रंग गडद होतो, पण चकाकी दिलेल्या अस्सल बुटावरूनही थेंब ओघळून जातो. आणि ती काडी लावून पाहण्याची हौस! कातडे जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि ते करपते, प्लॅस्टिक वितळून गोळा होते, हे खरे. पण दुकानात काडी कोण लावू देणार? घरीही हा प्रयोग करू नये. पीव्हीसीचा धूर छातीला घातक असतो आणि घरात लहान मुले असतात.

मग खात्रीचा माणूस कोण? नाक्यावर छत्री लावून बसलेला चर्मकार बांधव. त्याला आरी टोचताक्षणी कळते. कातड्यात आरी रुतते आणि टाका धरून ठेवला जातो, रेक्झिनमध्ये टाक्यांच्या रेषेत माल फाटत जातो. म्हणूनच नकली बूट फाटला की तो हात झटकतो. खरा बूट असेल तर तळ बदलून देतो, वर्षानुवर्षे चालवून देतो. एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. बुटाचे वरचे चामडे धडधाकट आणि तळाचा मात्र भुगा, असे अनेकांच्या बाबतीत होते. तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतल्या ओलाव्याने हे द्रव्य न वापरताही आतून तुटत जाते. मुंबई-कोकणात हे लवकर घडते. असा बूट नकली समजून फेकू नका, तळ बदलून घ्या.

चामड्याचा विषय काढला की आपल्या घरातली जुनी माणसे गप्प होतात, हेही ठाऊक आहे. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती ज्यांच्या पूर्वजांनी भोगली त्यांना या विषयाची किळस वाटली तर नवल नाही. बाबासाहेबांनी ते काम सोडा म्हणून सांगितले, आणि त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्यांचा समाचार नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात घेतला. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. ज्या हातांनी कातड्याला मोल आणले, त्यांना विटाळ म्हणायचे आणि वस्तू मात्र मिरवायची, हा या देशाचा जुना न्याय आहे.

जून २०२५ मध्ये तो सातासमुद्रापार दिसला. प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी पादत्राणे दाखवली, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर त्यामागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.

इतक्या दूरची नक्कल सगळ्यांना दिसली. आपल्या बाजारातली रोजची नक्कल कोणी पाहत नाही. अस्सल कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. तळाला म्हशीचे जाड कातडे, वर पातळ कातड्याचे पट्टे आणि वेणी. जुन्या रीतीत खिळा मारत नाहीत, कातड्याच्याच वादीने शिवतात. तेव्हा तळाची बाजू निरखून पाहा. कातड्याचे पदर एकमेकांवर बसलेले दिसले, वादीचे टाके दिसले, तर ती खरी. मधल्या पदरात पुठ्ठा भरलेला असेल तर तो ओला झाला की फुगतो आणि चप्पल दोन महिन्यांत तोंड उघडते. वरचा पट्टा रेक्झिनचा असेल तर त्याची पाठ सांगेलच. नवी अस्सल कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, करकरते, पायाचा घाम पिऊन मग पायाच्या आकाराला येते. पहिल्याच दिवशी रबरासारखी मऊ वाटली तर शंका घ्यावी.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्या जिल्ह्यांतल्या मालालाच ते नाव लावता येते. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने २०२५ मध्ये जोडावर क्यूआर कोड लावण्याचेही जाहीर केले. असा कोड असेल तर मुलांकडून मोबाईलवर तपासून घ्यावा. पदपथावर शे-दीडशे रुपयांत 'ओरिजिनल कोल्हापुरी' मिळते तेव्हा मनाशी हिशेब करावा. कातड्याची किंमत, कमावण्याचे दिवस, वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी. यातले काय उरते? महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कातड्याचा पुरवठा आणखी आटला. धारावीच्या चामडे बाजारालाही त्याचा फटका बसला. खरा माल स्वस्त होण्याचे कारणच नाही.

परदेशी बनावटीच्या किंवा निर्यातीसाठी केलेल्या बुटांवर लहान चित्रे असतात, तीही वाचायला शिकावे. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. त्याच आकृतीत लहान चौकट असेल तर लेप दिलेले चामडे. जाळीची खूण कापडाची, आणि नुसता चौकोन म्हणजे इतर काही, म्हणजे बहुधा प्लॅस्टिक किंवा रबर. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची खूण वेगवेगळी दिलेली असते. दुकानदार वरच्या भागाची खूण दाखवतो, अस्तराची तुम्ही शोधायची. पायाला घाम येतो तो अस्तरापाशी.

नकली चामडे वाईटच असते असे मात्र आमचे म्हणणे नाही. कोकणच्या पावसात प्लॅस्टिकची चप्पल चामड्याहून शहाणी. शाळेच्या दप्तराला तर चामडे घेऊच नये, ओझे वाढते. वापरणाऱ्याला जनावराचे कातडे नको असेल तर तोही त्याचा प्रश्न. फसवणूक वस्तूत नसते, ती नावात आणि किमतीत असते. रेक्झिनला रेक्झिनचा भाव द्यायला हरकत नाही.

म्हणून बिल. मोठी खरेदी असेल तर बिलावर नुसते 'शूज' किंवा 'बॅग' असे लिहून घेऊ नका. 'वरचा भाग अस्सल चामड्याचा' असे लिहून मागा. दुकानदार का-कू करू लागला की तुमची परीक्षा तिथेच पूर्ण झाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घेण्यास बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणेही त्यातच मोडते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू होत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लावण्याचीही सक्ती नाही. तक्रारीसोबत बिलाची प्रत जोडावी आणि सोललेला पट्टा किंवा बूट फेकून न देता पिशवीत बांधून ठेवावा, पुरावा म्हणून तोच दाखवायचा असतो.