सॉफ्टवेअर गटातील संवाद

सॉफ्टवेअर गटातील संवाद म्हणजे एकच संगणक प्रणाली मिळून तयार करणाऱ्या व्यक्तींमधील बोलणे, लेखन, विचारणा आणि परस्परांच्या कामाची तपासणी होय. भिंत कोठवर आली हे वाटसरूलाही दिसते. प्रोग्रॅम किती झाला हे मात्र लिहिणाऱ्याने सांगितल्याखेरीज कळत नाही. म्हणून या व्यवसायात सांगणे हा कामाचाच भाग ठरतो.

आयबीएम कंपनीत मोठ्या प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) या ग्रंथात याचा हिशेब मांडला. तिघांच्या गटात संवादाच्या जोड्या ३ होतात, दहांच्या गटात ४५. त्यामुळेच रखडलेल्या प्रकल्पावर माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रात हा उद्योग प्रामुख्याने पुणे, हिंजवडी आणि मुंबई परिसरात एकवटला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालय असले, तरी या क्षेत्रातील नोकरीसाठी बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. (पिंपरी-चिंचवडमधील चिखली निराळी.) अशा नवख्याची खरी अडचण पुष्कळदा संगणकाची नसते. वर्गात गप्प बसणे हा आदर मानला जातो. कार्यालयात त्याच मौनाचा अर्थ 'काम सुरळीत चालले आहे' असा घेतला जातो. वयाने मोठ्या सहकाऱ्यालाही नावाने हाक मारण्याची तेथे रीत असते. ज्याच्या तोंडून 'सर' सुटत नाही, त्याला 'मला हे समजले नाही' म्हणणे त्याहून जड जाते.

अनेक गटांत रोज सकाळी 'स्टँड-अप' नावाची छोटी बैठक होते. काल काय केले, आज काय करणार आणि कोठे अडले, हे प्रत्येकाने सांगायचे असते. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. 'चालू आहे' या उत्तरातून काहीच कळत नाही. 'पावतीचा भाग झाला. बँकेच्या प्रणालीकडून उत्तर येत नाही. दुपारपर्यंत न आल्यास मदत लागेल', एवढे सांगितले तर दोन दिवस वाचू शकतात.

एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासण्याच्या पद्धतीला 'कोड रिव्ह्यू' म्हणतात. आयबीएममधीलच मायकेल फेगन यांनी अशा तपासणीची शिस्तबद्ध रीत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. शेरा प्रोग्रॅमवर असावा, माणसावर नव्हे. 'हे चूक आहे' यापेक्षा 'यादी रिकामी असेल तर येथे काय होईल?' हा शेरा अधिक शिकवतो. नवख्याने प्रश्न विचारताच खेकसणारा ज्येष्ठ सहकारी एकाला नव्हे, साऱ्या गटाला मुका करतो. हा दोष नवख्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

परदेशी ग्राहकांमुळे लेखी व्यवहार इंग्रजीत चालतो, बोलणे मराठी-हिंदीमिश्रितही असते. तथापि सफाईदार इंग्रजी म्हणजे संवाद नव्हे. छोटी, नेमकी वाक्ये पुरतात. बढतीचा विचार होताना लिहिलेल्या ओळी मोजून भागत नाही. अडचण वेळीच कळवणे, इतरांचे काम तपासणे, नव्यांना शिकवणे यांचीही दखल घ्यावी लागते. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हे सारे आठवत नाही, म्हणून आपल्या कामाची टिपणे वर्षभर ठेवण्याचा प्रघात आहे.